दगड कोरडा आला

सोपेपणा हा शब्द माझ्यासमोर कोणी भक्तिभावानं उच्चारला की माझं डोकं फिरतं. प्रोग्रॅम सोपा हवा, एकदा लिहावा आणि सगळीकडे चालावा, असं हल्लीची तरुण मंडळी चहाच्या टेबलावर तावातावानं बोलत असतात. बोलोत बापडी. मी कप खाली ठेवते आणि उठून जाते. त्यांना वाटतं म्हातारीला कळत नाही. मला फार कळतं. हाच वाद मी सत्तरच्या दशकात सांगलीत बसून तीन आठवडे घातला होता, आणि त्याचा भुर्दंड माझ्या सख्ख्या बहिणीला बसला.

सांगलीत एका कॉलेजच्या मागच्या अंगाला, वर्कशॉपला लागून, आमचं गणनकेंद्र होतं. नाव भारदस्त, पण आत कॉम्प्युटर नव्हता. कार्डांना भोकं पाडणारी दोन यंत्रं, चार टेबलं आणि एक कपाट, ज्याचं दार ढकलूनच बसायचं. कॉम्प्युटर होता पुण्याला. आम्ही प्रोग्रॅम कागदावर लिहायचो, मग एकेका ओळीचं एकेक कार्ड पंच करायचो, गठ्ठ्याला रबर लावून पत्र्याच्या ट्रंकेत भरायचो आणि ट्रंक एस.टी.नं पुण्याला पाठवायचो. चार दिवसांनी ट्रंक परत यायची, वर छापील कागद. बहुतेक वेळा त्या कागदात एवढंच असायचं की अमुक ओळीत स्वल्पविराम राहिलाय. एका स्वल्पविरामाला चार दिवस. गठ्ठा हातातून निसटला तर कार्डं विस्कटायची, म्हणून त्याच्या माथ्यावर आम्ही पेन्सिलनं एक तिरपी रेघ मारून ठेवत असू. रेघ जुळली की कार्डं ओळीनं लागली. असल्या युक्त्या आमच्याकडे पुष्कळ होत्या आणि त्यांचा आम्हाला गर्वही होता.

माणसं तीन. केंद्राचे प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. दुसरा मुंबईला शिकून आलेला, माझ्याच वयाचा. त्याला मी मनातल्या मनात मुंबईकर म्हणायचे. आणि तिसरी मी, कोरेगावकडची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. ते मी कोणाला विसरू देत नसे.

साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीनं आम्हाला काम दिलं होतं. मोठा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती, पण माण तालुक्यातल्या विहिरींना ते कोणी कळवलं नव्हतं. कचेरीनं तीन रजिस्टरं पाठवली: एक पावसाचं, एक विहिरींचं, एक जनावरांचं. तिन्हींवरून गावांच्या क्रमवार याद्या करायच्या. त्यातली विहिरींची यादी महत्त्वाची होती. बोअर मारायची गाडी जिल्ह्यात आली होती, एकच. ज्या गावच्या विहिरीचं पाणी सगळ्यात खोल गेलंय तिथं ती आधी जाणार. उन्हाळा संपेपर्यंत यादीचं पहिलं पान उरकलं तरी पुष्कळ, असं कचेरीच्या पत्रातच लिहिलं होतं. म्हणजे पहिल्या पानावर नाव आलं तर यंदा पाणी, दुसऱ्या पानावर गेलं तर पुढच्या साली.

माझी थोरली बहीण, अक्का, माणमध्ये दिलेली. दहिवडीपासून दोन तासांच्या पायवाटेवर तिचं गाव. नवरा मुंबईला गिरणीत, आठ जणांच्या खोलीत राहायचा. सासू-सासरे गेलेले, मूल नाही. घरात ती एकटी आणि तिची मेंढरं. लग्नात आंदण म्हणून मिळालेल्या दोन मेंढ्यांची तिनं अठ्ठावीस केली होती. प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येकीच्या स्वभावाबद्दल अक्काचं मत होतं. गेल्या खेपेला भेटली तेव्हा ती म्हणाली होती की यंदाही पाणी नाही लागलं तर मेंढरं विकून मुंबईला जावं लागेल, नवऱ्याच्या लांबच्या चुलत भावाच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तिथं ती कोण असणार? दुसऱ्याच्या चुलीपुढची बाई. इथं ती स्वतःच्या दाराची मालकीण होती. हे सगळं मला माहीत होतं. यादीचं काम हातात घेताना ते माझ्या डोक्यात होतं, आणि ते तसं असल्याची मला लाज वाटत होती, कारण सरकारी कामात बहिणीचा विचार करायचा नसतो असं मी वाचलं होतं.

आता वादाकडे येते.

माझं म्हणणं होतं की तीन रजिस्टरं आहेत तर तीन प्रोग्रॅम लिहू. पावसाचा पावसापुरता, विहिरींचा विहिरींपुरता. लांबण लागेल, कार्डं जास्त लागतील, पण उद्या कोणी वाचला तर कळेल. मुंबईकर हसला. त्यानं फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाला, असं गावठी काम आपण कशाला करायचं? एकच सबरूटीन लिहू, कुठल्याही कामाला जोडता येईल असा प्रोग्रॅमचा तुकडा. त्याला गावांची नावं द्यायची, कोणत्या रकान्यावरून क्रम लावायचा तो रकाना द्यायचा, आणि चढता की उतरता तेवढं सांगायचं. पाऊस द्या, विहीर द्या, मेंढरं द्या, पुढच्या वर्षी कोणी परीक्षेचे मार्क दिले तरी तेच चालेल. त्याचं एक वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"आकड्याला जात नसते," तो म्हणाला. "पावसाचा असो की विहिरीचा, मशीनला सगळे सारखे."

वाक्य सुंदर होतं. सरांना इतकं आवडलं की ते त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि पुसू दिलं नाही. मी तरीही भांडले. मग आमचं गाडं प्रोग्रॅमच्या भाषेवर गेलं. मी म्हणाले, हे काम कोबोलमध्ये करू, त्यात निदान विहिरीला विहीर म्हणता येतं. मुंबईकर म्हणाला, कोबोल म्हणजे कारकुनाची भाषा, पानभर पाल्हाळ लावल्याशिवाय त्यात दोन आकड्यांची बेरीज होत नाही. फोर्ट्रान कशी आटोपशीर. मी म्हणाले, आटोपशीर कसली, सहा अक्षरांपेक्षा मोठं नाव देता येत नाही, तुझा प्रोग्रॅम तुलाच महिन्यानं वाचता येणार नाही. तो म्हणाला, वाचता येत नाही तो वाचणाऱ्याचा दोष. तीन आठवडे हे चाललं. जेवणाच्या सुट्टीत चाललं, विश्रामबागेच्या रस्त्यानं चालत जाताना चाललं, सरांच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो तिथंही चाललं. सरांच्या बायकोनं शेवटी आम्हाला विचारलं की तुमचं दोघांचं नेमकं कशावरून बिनसलंय.

आणि हे सगळं चालू असताना बाहेरच्या बाकावर एक माणूस बसलेला असायचा.

तो विहिरींची मोजणी करणारा. फौजेतून हवालदार म्हणून सुटलेला, माणचाच, पन्नाशीचा, मिशा पिळदार, खाकी पँट इस्त्रीची. कचेरीनं त्याला रजिस्टरं घेऊन पाठवलं होतं आणि काही अडलं तर सांगायला थांब म्हणून बजावलं होतं. तो दोन दिवस थांबला. त्या बाकावर ताठ बसून आमचा आरडाओरडा ऐकत राहिला. त्याला आम्ही चहा पाठवला, आत मात्र बोलावलं नाही. कशाला बोलावणार? त्यानं विहिरी मोजल्या होत्या, त्याचं काम झालं होतं. दोराला दगड बांधून तो विहिरीत सोडायचा, दगड भिजला की दोरावर खूण करायची आणि किती हात गेला ते लिहायचं. यात विचारण्यासारखं काय होतं?

निघताना तो माझ्या टेबलाशी आला. तिघांत मीच त्याच्याकडची, बोलीवरून त्यानं ओळखलं असावं.

"बाई, त्यात काई रकाने कोरे हायेत," तो म्हणाला. "कोरे हायेत त्ये कोरेच ठिवा. कुनी काय भरू ने त्यात."

मी हो म्हणाले. आणि शब्द पाळला. पंचिंग करताना मी मुद्दाम काळजी घेतली की कोऱ्या रकान्याच्या जागी काहीही मारायचं नाही, कार्ड तिथं सरळ कोरं सोडायचं. माझ्या काटेकोरपणाची मला फार मोठी ऐट वाटली त्या दिवशी.

वाद मुंबईकरानं जिंकला. सरांनी सांगितलं, एकच सबरूटीन. लिहायचं कोणी, तर मी, कारण मुंबईकर तोवर दुसऱ्या कामाला लागला होता. मी चिडून लिहिलं आणि चिडून लिहिलं म्हणूनच फार चांगलं लिहिलं. मला दाखवायचं होतं की हरले तरी मला येतं. आधी पावसाची कार्डं लावून तपासलं. यादी अचूक आली. सरांनी पाठ थोपटली. मग विहिरींची ट्रंक गेली आणि चार दिवसांनी यादी आली, सहा पानांची, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर.

पहिल्या पानावरचा एकेक आकडा मी रजिस्टराशी ताडून पाहिला. सगळे बरोबर. अक्काचं गाव त्या पानावर नव्हतं. मी दोनदा पाहिलं. दुसऱ्या पानावर आहे का हे बघायला कागद उलगडणार तेवढ्यात मुंबईकर मागं येऊन उभा राहिला, आणि मी कागद मिटला. बहिणीचं गाव शोधतेय असं त्याला दिसायला नको होतं. तेव्हा मिटलेला कागद मी नंतरही उघडून पाहिला नाही. याला मी निःपक्षपातीपणा म्हणत होते.

कचेरीला पहिली पाच पानं पाठवावीत असं ठरलं. सहाव्या पानावरची गावं सगळ्यात सुखी, त्यांची कोणाला घाई नव्हती. ते पान घरचं म्हणून राहिलं, आणि मी त्याचं विहिरींच्या रजिस्टराला कव्हर घातलं, छापील बाजू बाहेर करून. चांगला जाड कागद होता.

यादी साताऱ्याला पोचवायला मीच गेले आणि तिथून पुढं दहिवडीला, अक्काकडे. शिमगा दोन दिवसांवर होता. अक्कानं पुरणाचं केलं नव्हतं, पुरणाला पाणी लागतं. तिनं बाजरीची भाकरी आणि खर्डा वाढला आणि मी हात धुवायला तांब्या उचलला तेव्हा तिचं लक्ष तांब्याकडे गेलं, नको तितका वेळ. मी दोन बोटं भिजवली आणि तांब्या खाली ठेवला.

सकाळी ती मला विहिरीवर घेऊन गेली. मी काठावर ओणवी होऊन आत पाहिलं. तळाचा खडक दिसत होता, त्यावर एक फुटका डेरा आणि एक मेलेला सरडा. बायका कपारीतल्या झिऱ्याशी वाटीवाटीनं पाणी भरत होत्या, एकीची घागर भरायला अर्धी सकाळ जात होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बाप रे, पहिल्या पानावरच्या गावांची दशा याहून वाईट असणार. मी एम.एस्सी. होते. कोरड्या विहिरीत वाकून पाहत होते आणि याहून कोरडं काय असतं हा प्रश्न मला पडला नाही.

गावातल्या बायकांचं ठरलं होतं की दुसऱ्या दिवशी रिकाम्या घागरी घेऊन दहिवडीला जायचं आणि कचेरीच्या दारात बसायचं. त्यांच्यात अक्का पुढारी. गाडी अजून आमच्या गावाला का आली नाही, याचा जाब विचारायचा होता. रात्री जेवताना अक्कानं मला यादीचं विचारलं. मी सांगितलं की तुमचं गाव पहिल्या पानावर नाही.

"कुनी केली यादी?" तिनं विचारलं. "कुनाच्या वशिल्याची?"

मला राग आला. माझ्या कामावर कोणी वशिल्याचा संशय घ्यावा, आणि तोही माझ्या बहिणीनं. मी ताडकन म्हणाले, "मानसानं केलीच न्हाई ती, अक्का. मशीननं केलीया. मशीनला तू आन मी सारख्याच. ते चुकत न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. चौथीत तिची शाळा सुटली होती. मी शाळेत जावं म्हणून माझ्या वाटची कामं तिनं केली होती. मी जे बोलले त्यातला शब्द न् शब्द तिनं खरा मानला. सकाळी बायका घागरी घेऊन पारापाशी जमल्या तेव्हा अक्का त्यांना सामोरी गेली आणि म्हणाली की आपल्याहून वाईट गावं आहेत, तिथं आधी जाऊ द्या, माझ्या बहिणीनं स्वतः बघितलंय. बायका कुरकुरल्या आणि घरोघर गेल्या. मी ओट्यावरून पाहत होते. मला तिचा अभिमान वाटला.

महिन्याभरानं हवालदार रजिस्टरं परत न्यायला सांगलीला आला. मी विहिरींचं रजिस्टर त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते उघडलंच नाही. कव्हरवरची नावं वाचत राहिला, बोट लावून, एकेक.

"ही कसली यादी, बाई?"

मी म्हटलं, ज्यांना पाणी भरपूर आहे त्या गावांची.

तो बाकावर बसला, या खेपेला आतल्या. "ह्या समद्या हिरींत म्या सोता दोर सोडलाय," तो हळू म्हणाला. "दगुड कोरडा आला. म्हनून तर रकाना कोरा ठिवला. पानीच न्हाई, तर त्ये किती खोल हाय त्ये काय लिवायचं?"

रजिस्टर उघडायची गरज नव्हती. फोर्ट्रानमध्ये आकड्याच्या जागी कार्ड कोरं असलं तर मशीन तिथं शून्य वाचायचं. हे आम्हा तिघांनाही झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पावसाला ते बरोबरच होतं: रकाना कोरा, पाऊस नाही, शून्य. पण विहिरीला शून्य खोली म्हणजे पाणी काठाशी आलेलं, बाईनं वाकून घागर बुडवावी असं. ठणठणीत कोरड्या विहिरी मशीननं काठोकाठ भरल्या होत्या आणि उचलून शेवटच्या पानावर टाकल्या होत्या. कव्हरच्या पाठीच्या घडीत, अर्धं दुमडलेलं, अक्काच्या गावाचं नाव होतं. महिनाभर ते माझ्या टेबलावर होतं.

मुंबईकर आल्यावर मी त्याला सांगितलं. तो पाच मिनिटं कार्डं बघत होता. मग म्हणाला, रुटीनमध्ये चूक नाही. रुटीन दिलेल्या आकड्यांचा क्रम लावतं आणि क्रम बरोबर लागलाय. माहिती चुकीची आली, त्या माणसानं काहीतरी लिहायला हवं होतं. हवालदार समोर बसलेला असताना तो हे बोलला. माझ्या हातात विहिरींच्या कार्डांचा गठ्ठा होता. तो मी त्याच्या टेबलावर आपटला. रबर तुटलं आणि कार्डं खोलीभर उडाली. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात इतकी मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते, वर्कशॉपमधली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. कार्डं शेवटी हवालदारानं वेचली. खाली बसून, एकेक करून. माथ्यावरची तिरपी रेघ त्याला कोणी समजावली नव्हती, पण त्यानं ती बरोबर जुळवली.

सर म्हणाले, चूक झाली खरी, पुढच्या वर्षी सुधारू. आत्ता बोभाटा केला तर केंद्राला पुन्हा काम मिळणार नाही.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे आणि ती लिहिताना माझे दात आवळले जातात. पुष्कळ वर्षं मी हा प्रसंग असा सांगत आले की माझं ऐकलं असतं, तीन वेगळे प्रोग्रॅम केले असते, तर हे झालं नसतं. खोटं आहे ते. तीन आठवड्यांत मी कोऱ्या रकान्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी भांडले वाचायला सोपं काय यावरून, नावं लांब असावीत यावरून, आणि खरं सांगायचं तर तो मला गावठी म्हणाला यावरून. माझे तीन प्रोग्रॅम झाले असते तर त्यांतल्या दुसऱ्यातही कोरा रकाना शून्यच झाला असता. बाकावरच्या माणसाला आत बोलवावं असं मलाही वाटलं नव्हतंच. मुंबईकरावर माझा राग आहे, तो जाणार नाही; पण त्याच्यावर ओरडताना मला जे सुख लागलं होतं तेही मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, यादी हातानं नव्यानं लिहिली, कोऱ्या रकान्याची गावं सगळ्यात वर. त्यांच्यात क्रम लावायला जनगणनेच्या पुस्तकातली माणसांची संख्या घेतली. अक्काचं गाव तिसरं आलं. कागद घेऊन साताऱ्याला गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा लावून दोन्ही याद्या बघितल्या. पूर्वी यादी हातानं व्हायची तेव्हा कोणीही पुढारी येऊन एखादं नाव वर-खाली करून जायचा, हे मला त्याच कचेरीतल्या शिपायानं सांगितलं होतं. आता साहेब म्हणाले की कॉम्प्युटरची यादी आहे, ती अशी हातानं बदलता येत नाही; बदलायची तर कॉम्प्युटरकडूनच नवी आणा, केंद्रप्रमुखांच्या सहीनं. सर सही देणार नव्हते. गाडी तोवर कोरेगावच्या बाजूला होती. कोरेगावला, आमच्याकडे, जिथं ओढ्याला वैशाखातही डबकं राहतं. मी साहेबांच्या टेबलापुढं उभी राहून रडले. लाज वाटून रडले की संतापून, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

पुढच्या साली यादी नीट झाली. सबरूटीनमध्ये विहिरींसाठी मी वेगळी चार कार्डं घातली, मुंबईकर म्हणाला त्यामुळं त्याचं सौंदर्य गेलं. गावात बोअर झाली, पाणी लागलं, हापसा बसला. त्याचं कौतुक मला कोणी सांगू नये.

अक्का यादी चुकली त्याच सालच्या वैशाखात निघाली होती. तिनं मेंढरं लोणंदच्या बाजारात विकली आणि तिथूनच मुंबईची गाडी धरायचं ठरवलं. मला पोस्टकार्ड आलं, दुसऱ्याच्या अक्षरात, तारीख आणि वार फक्त. मी सांगलीहून लोणंदला गेले. दुपारची वेळ, प्लॅटफॉर्मवर सावली तेवढी शेडखाली. अक्का ट्रंकेवर बसली होती. अंगाला अजून मेंढरांचा वास होता. हातात एक घुंगरू होतं, एखाद्या मेंढीच्या गळ्यातलं काढून ठेवलेलं, ते ती वाजू नये म्हणून मुठीत धरून बसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. कार्डं, शून्य, सहावं पान, कव्हर. तिला मशीनचं काय कळलं असेल देव जाणे. तिनं एवढंच विचारलं, "मंजी नीट झाली असती तर आमचं गाव कितवं?"

"तिसरं," मी म्हणाले.

तिनं घुंगराची मूठ घट्ट केली. रुळांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाया घागरी घिऊन निघाल्या व्हत्या. तुझ्या शब्दावर मी त्यास्नी माघारी फिरीवलं."

"मला म्हाईत न्हवतं, अक्का. मशीननं शून्य वाचलं. त्याला हीर दिसत न्हाई."

"मशीनचं ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू हीर बघितलीस. माझ्या शेजारी उभी ऱ्हाऊन, वाकून बघितलीस. तुला दिसली व्हती न्हवं?"

गाडीचा धूर दिसायला लागला तशी ती उठली. घुंगरू तिनं कमरेला खोचलं. डबा समोर आला तेव्हा मी ट्रंकेची एक कडी धरायला वाकले. तिनं माझा हात बाजूला केला आणि ट्रंक एकटीनं चढवली.